एकाच माणसाची तीन नावं

घरी कुणी विचारलं तर मी सांगते की मी डेटा साफ करते. आई शेजारच्या काकूंना सांगताना त्याचं 'कॉम्प्युटर साफ करते' असं करते, आणि ते फारसं चूक नाही.

नेमकं काम असं आहे. एका विमा कंपनीकडे वीसेक वर्षांत शाखांमधून, एजंटांकडून, कागदी फॉर्मांवरून जमा झालेल्या लाखो नोंदी आहेत. त्यात एक संगीता बबन शिंदे आहे. एक सौ. संगिता बी. शिंदे आहे, तिची जन्मतारीख १ जून, कारण शाळेत घालताना मास्तरांनी निम्म्या गावाची तीच लिहिली. आणि एक संगीता तुकाराम गायकवाड आहे, तिचा पत्ता माहेरचा. या तीन बायका, की एकच? आमचा प्रोग्रॅम प्रत्येक जोडीला शून्य ते एकच्या मधला एक स्कोअर देतो. खूप वरचा आला की नोंदी एकत्र, खूप खालचा आला की वेगळ्या. मधला गठ्ठा माणसांकडे येतो, म्हणजे माझ्याकडे आणि टीममधल्या आणखी दोघांकडे.

(माझीही नावं दोन आहेत. लग्नानंतर मी नाव बदललं नाही, पण सासरच्या रेशनकार्डावर ते आपोआप बदललं.)

चूक दोन प्रकारे होऊ शकते. एका बाईच्या दोन झाल्या तर तिला प्रत्येक एसएमएस दोनदा जातो. दोघींची एक झाली तर त्यातली एक कंपनीच्या लेखी नाहीशी होते, आणि ते तिच्या घरच्यांना कळतं क्लेमच्या वेळी.

तीन वर्षांपूर्वी या मधल्या गठ्ठ्यासाठी काही बरी पद्धत सापडते का ते शोधत होते. शोधता शोधता ज्या लेखापाशी पोचले, त्यातला तक्ता आमच्यासारखाच होता. नाव, गाव, तारीख. फक्त तारखेच्या रकान्याचा अर्थ वेगळा होता. तो माणूस ज्या दिवशी मारला गेला ती तारीख.

लेख ह्युमन राइट्स डेटा ॲनालिसिस ग्रुप नावाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या छोट्या संस्थेचा होता. पॅट्रिक बॉल हे तिथले संख्याशास्त्रज्ञ. युद्धात, दंगलीत, हुकूमशाहीत मारल्या गेलेल्यांच्या याद्या गोळा करायच्या, त्यातली दुबार नावं काढायची, आणि मग कोर्टात उभं राहून हिशेब सांगायचा, असं त्यांचं काम. २००२ साली हेगच्या न्यायाधिकरणात ते स्लोबोदान मिलोसेविचविरुद्ध साक्षीला उभे राहिले. १९९९ मध्ये कोसोवोतून लोक जीव घेऊन अल्बेनियात पळत होते, तेव्हा सीमेवरच्या अल्बेनियन पहारेकऱ्यांनी कोण कुठल्या दिवशी आलं याच्या नोंदी वह्यांत केल्या होत्या. त्या वह्या आणि मृतांच्या याद्या एकत्र ठेवल्यावर दिसलं की माणसं मारली जाणं आणि गावं रिकामी होणं एकाच लयीत वरखाली होतंय, आणि ती लय नाटोच्या बॉम्बहल्ल्यांशी जुळत नाही. मिलोसेविच स्वतःच स्वतःचा वकील होता. त्याने बॉल यांची उलटतपासणी घेतली. निकाल लागायच्या आतच २००६ मध्ये तो कोठडीत वारला, ते वेगळं.

मला त्या उलटतपासणीचा विचार करूनच घाम फुटला. आमच्याकडे दुबार नोंद राहिली तर तिकीट उघडतं, पुढच्या रिलीजमध्ये दुरुस्त होतं. तिथे मेलेला एक माणूस यादीत दोनदा आला आणि समोरच्या वकिलाला तो सापडला, तर बाकीच्या हजारांवरही शंका. आणि दोन मेलेल्यांचा चुकून एक झाला, तर दुसऱ्याचा पत्ताच नाही. त्याच्या बाजूने क्लेम करायलाही कुणी येणार नाही.

तिथून वाचत वाचत मी चाडपर्यंत गेले आणि तिथे अडकले.

चाड हा आफ्रिकेच्या मध्यावरचा देश. १९८२ च्या जूनमध्ये हिसेन हाब्रेने तिथे सत्ता घेतली आणि १ डिसेंबर १९९० ला त्याला पळून जावं लागलं. शेजारी लिबियात गद्दाफी होता, म्हणून अमेरिका आणि फ्रान्स हाब्रेच्या पाठीशी होते. १९८७ मध्ये तो व्हाइट हाउसमध्ये रेगनना भेटूनही आला. घरात मात्र त्याचे गुप्त पोलीस होते, डीडीएस. फ्रेंच नावाचा अर्थ 'दस्तऐवज आणि सुरक्षा संचालनालय'. त्यातला दस्तऐवज हा शब्द पुढे त्यांनाच नडला. राजधानी एन्जामेनामध्ये फ्रेंचांच्या काळातला, सैनिकांच्या कुटुंबांसाठी बांधलेला पोहण्याचा तलाव होता. त्यावर काँक्रीटचा स्लॅब टाकून खाली कोठड्या पाडल्या. त्या तुरुंगाला लोक 'पिसीन' म्हणायचे, म्हणजे तलावच. एन्जामेनाच्या उन्हात स्लॅबखाली काय होत असेल याची कल्पना सोलापूरकडच्या माणसाला वेगळी करून द्यायला नको.

सुलेमान गेंगेंग हे लेक चाड बेसिन कमिशनमध्ये हिशेबनीस होते. १९८८ मध्ये त्यांना उचललं. दोन वर्षांहून जास्त काळ ते आत होते आणि शेजारची माणसं मरताना पाहत होते. तिथेच त्यांनी ठरवलं की आपण जगलो तर याचा जाब विचारायचा. हाब्रे पळाला, तुरुंग उघडले, ते बाहेर आले. आणि हिशेबनिसाने काय केलं? याद्या करायला घेतल्या. बरोबरच्या लोकांना जमवून संघटना काढली. एकेकाला गाठून, समजावून, जबानी लिहून घेतली. अशा ७९२ जबान्या जमल्या.

पण ऐकणारं कुणीच नव्हतं. नवा राष्ट्राध्यक्ष इद्रिस देबी हा हाब्रेचाच जुना सेनापती. डीडीएसमधले कित्येक जण नव्या सरकारात पुन्हा खुर्चीवर बसलेले. १९९२ मध्ये सरकारी चौकशी आयोगाचा अहवाल आला आणि कपाटात गेला. जबान्या देणाऱ्यांना धमक्या येऊ लागल्या, तेव्हा गेंगेंग यांनी ते सगळे कागद स्वतःच्या मातीच्या घरात लपवून ठेवले. असे सात-आठ वर्षं.

या सात-आठ वर्षांवर मी फार विचार केला आहे. आमच्याकडे प्रत्येक डेटाला मालक असतो, मुदत असते, आणि तो कशासाठी ठेवलाय हे लिहावं लागतं. गेंगेंग यांच्या कागदांपुढे त्या रकान्यात काय लिहिलं असतं? तेव्हा आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय अस्तित्वात नव्हतं. चाडमध्ये खटला होण्याची शक्यता नव्हती. आरोपी सेनेगलमध्ये, डाकार शहरात, आरामात राहत होता. जे कोर्ट नाहीच, त्याच्यासाठी पुरावा सांभाळायचा, आणि तो घरात सापडला तर आपल्यासकट ७९२ जणांच्या जिवाला घोर. कारण अशी यादी चुकीच्या माणसाच्या हाती पडली की तिचा उपयोग उलटा होतो. डीडीएसही याद्याच करायची. रकाने बहुधा तेच असतील, नाव, गाव, टोळी, अटकेची तारीख. मी लिहिते तो प्रोग्रॅम दोन्ही याद्यांवर सारखाच चालेल, आणि हे कळल्यापासून तो लिहिताना मला पूर्वीइतकं निवांत वाटत नाही.

१९९८ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनमध्ये पिनोचेला अटक झाली. चिलीतल्या गुन्ह्यांसाठी, स्पेनच्या न्यायाधीशाच्या वॉरंटवर, इंग्लंडमध्ये. चाडच्या कार्यकर्त्यांना वाटलं, हे आपल्याला का जमू नये? त्यांनी ह्युमन राइट्स वॉचला गाठलं. लपवलेले कागद बाहेर आले, आणि जानेवारी २००० मध्ये डाकारच्या कोर्टात हाब्रेविरुद्ध तक्रार दाखल झाली. फेब्रुवारीत तिथल्या न्यायाधीशाने आरोप ठेवलेही.

यापुढची तेरा वर्षं मी भराभर सांगते, कारण ती वाचताना 'तारीख पे तारीख' हा आपल्याकडचाच शोध आहे हा समज गळून पडतो. सेनेगलच्या वरच्या कोर्टाने सांगितलं, आम्हाला अधिकार नाही. पीडित बेल्जियमला गेले, कारण तिथे जगात कुठेही घडलेल्या अशा गुन्ह्यांवर खटला चालवण्याचा कायदा होता. त्या कायद्यावर मोठ्या देशांचा दबाव आला आणि २००३ मध्ये तो रद्द झाला, पण हाब्रेची केस वाचली. २००५ मध्ये बेल्जियमने त्याला मागितलं, सेनेगलने दिलं नाही. २००६ मध्ये आफ्रिकन युनियन म्हणाली, आफ्रिकेच्या वतीने सेनेगलनेच खटला चालवावा. सेनेगल म्हणालं, पैसे नाहीत. शेवटी बेल्जियमने सेनेगललाच आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं, आणि २० जुलै २०१२ ला निकाल आला की खटला चालवा नाहीतर आरोपी द्या, आणखी उशीर नको. मग सेनेगल आणि आफ्रिकन युनियनने मिळून डाकारमध्ये खास न्यायालय उभं केलं. ३० जून २०१३ ला हाब्रेला अटक झाली.

मधल्या काळात जबान्या घेणाऱ्यांचं काय झालं, तर गेंगेंग यांची नोकरी गेली आणि पुढे देश सोडावा लागला. पीडितांच्या वकील जाकलीन मुदेइना यांच्यावर २००१ च्या जूनमध्ये एन्जामेनात, एका शांत निदर्शनाच्या वेळी, सुरक्षा दलाच्या लोकांनी हातबॉम्ब टाकला. पायात तुकडे घुसले. त्या उपचार घेऊन परत आल्या आणि केस पुढे चालू ठेवली.

आता त्या दस्तऐवजांकडे येते. २००१ च्या मे महिन्यात ह्युमन राइट्स वॉचचे रीड ब्रॉडी आणि त्यांचे सहकारी डीडीएसच्या ओसाड मुख्यालयात शिरले, तेव्हा खोल्यांच्या फरशीवर कागदांचे ढीग पडलेले होते. हजारोंनी. रोजच्या कैद्यांच्या याद्या, मृत्यूच्या नोंदी, चौकशीचे अहवाल, पाळतीचे अहवाल. दहा वर्षं ते तसेच धूळ खात होते. जाळावेत असंही कुणाला वाटलं नाही. पळताना घाई झाली असेल, किंवा कागदांना कुणी विचारेल असं कधी डोक्यातच आलं नसेल.

पीडितांच्या संघटनेची माणसं ते कागद उचलून, झटकून, लावत बसली. ज्यांना कधीकाळी याच खात्याने उचललं होतं, ती. एखाद्या कागदावर आपल्या भावाचं नाव निघेल, हे माहीत असताना.

पुढे बॉल यांच्या संस्थेने हे कागद डेटाबेसमध्ये भरले. यातली नावं अरबी, गोरान, सारा अशा भाषांमधली, लिहिणारा कारकून फ्रेंच लिपीत लिहिणारा. मोहम्मदचा कुठे महमत होतो, कुठे महामत. एकच कैदी सोमवारच्या यादीत, मंगळवारच्या यादीत, मग मृत्यूच्या नोंदीत. माझ्या ओळखीचं दुखणं. ते सगळं निस्तरून आलेले आकडे असे: कागदांमध्ये अत्याचार झालेल्या १२,३२१ जणांची नावं, त्यांतले १,२०८ कोठडीत मेलेले. आणि हाब्रेला स्वतःला ८९८ कैद्यांबद्दल थेट पाठवलेली १,२६५ पत्रं. मला माहीतच नव्हतं, असं म्हणायची सोय या शेवटच्या आकड्याने काढून घेतली.

आयोगाचा आकडा ४०,०००. बातम्यांत तोच येतो. तो कसा आला ते पाहिलं तर आयोगाकडे ३,७८० मृतांची माहिती होती, आणि ती एकूणाच्या दहा टक्के असावी असं धरून गुणाकार केला. दहाच टक्के का, याला आधार नाही. तो आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही, खरा आकडा त्याहून मोठाही असेल. पण कोर्टात उभं राहायचं असेल तर मी १,२०८ घेऊन उभी राहीन. २०१५ मध्ये बॉल यांनी डाकारमध्ये साक्ष दिली तीही याच कागदांवर. डीडीएसच्या कोठड्यांमधला मृत्यूदर विसाव्या शतकातल्या सगळ्यात बदनाम युद्धकैदी छावण्यांशी ताडून पाहिला, तरी तो जास्त भरत होता.

या ढिगात एक कागद रोझ लोकिसिम नावाच्या बाईबद्दलचा आहे. ती सैनिक होती. कैदेत असताना ती आतल्या लोकांची माहिती, कोण जिवंत कोण मेलं, बाहेर त्यांच्या घरच्यांना कळवायची. १९८६ मध्ये ते उघडकीला आलं. चौकशी करणाऱ्यांनीच अहवालात लिहून ठेवलंय की तिला पश्चात्ताप नाही, मेले तरी चालेल असं ती म्हणते, देश आभार मानेल आणि इतिहास आपल्याबद्दल बोलेल असंही म्हणते. पुढे शिफारस, की हिला कडक शिक्षा करावी. तिला मारलं. ती काय म्हणाली हे आपल्याला कळतं ते फक्त मारणाऱ्यांच्या कारकुनामुळे.

आणि एक कागद रेड क्रॉसचा. काही युद्धकैद्यांना दवाखान्यात हलवू द्या, अशी विनंती. त्यावर हाताने लिहिलेला शेरा, की इथून पुढे मेल्याशिवाय कुठलाही युद्धकैदी बाहेर जाणार नाही. कोर्टाने नेमलेल्या हस्ताक्षरतज्ज्ञाने सांगितलं, अक्षर हाब्रेचं.

माझे बाबा तालुका कोर्टात लिपिक होते. शेवटची अकरा वर्षं मुद्देमाल त्यांच्याकडे होता. कोयते, रक्ताळलेले शर्ट, बनावट नोटा, एकदा तर जप्त केलेली शेळी, तिचा चारा कुणाच्या खात्यातून द्यायचा यावर झालेला पत्रव्यवहार अजून सांगतात. मी त्यांना हे सगळं सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं ते रोझबद्दल काही बोलतील. त्यांनी विचारलं, "अगं, पण पंच कोण होते?"

मला आधी हसू आलं. मग कळलं, प्रश्न बिनतोड आहे. परदेशी कार्यकर्ते ओसाड इमारतीत शिरतात आणि त्यांना नेमके हवे ते कागद सापडतात. पंचनामा नाही, सील नाही, चिठ्ठीवर सह्या नाहीत. आपल्या तालुका कोर्टात आरोपीचा वकील पहिल्या पाच मिनिटांत विचारेल, कशावरून तुम्हीच नेऊन ठेवले नाहीत?

"मग पुढे कुणी अधिकाराने जप्त केले का?" बाबांनी विचारलं. केले होते. २००२ मध्ये बेल्जियमचा तपास न्यायाधीश पोलीस घेऊन चाडला गेला. डाकारच्या न्यायालयाचे तपास न्यायाधीशही नंतर तिथे गेले, आणि एकोणीस महिने चाललेल्या तपासात अडीच हजारांच्या आसपास पीडित आणि साक्षीदारांचं म्हणणं ऐकलं. बाबांनी मान हलवली. "म्हणजे संस्थेने दाखवलं आणि कोर्टाने उचललं. बरोबर केलं."

नागरी संघटनांच्या कामाबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे, परिषदांचे ठराव, अहवाल, सगळं. बाबांचं हे वाक्य मला त्या सगळ्यापेक्षा कामाचं वाटतं. हल्लीची अडचणही तीच आहे. एखाद्या बाईवर अत्याचार झाला आणि पाच संस्थांनी पाच वेळा तिची जबानी घेतली, की पाच जबान्यांत बारीक फरक पडतात. वर्षांनी खटला उभा राहतो तेव्हा समोरचा वकील तेच फरक पुढे करतो. त्यामुळे आता जाणकार लोक संस्थांना सांगतात, कुठे काय घडलं आणि कोण साक्षीदार आहे हे टिपून ठेवा, पण सविस्तर जबानी तपास करणाऱ्याला घेऊ द्या. ते पटतं. पण तपास करणाराच नसेल तर? गेंगेंग थांबले असते तर ते ७९२ जण बोलायला उरले असते का?

आणि यादीत जे विचारलं तेच येतं, हेही डाकारमध्ये दिसलं. मूळ आरोपांमध्ये लैंगिक अत्याचार वेगळे गुन्हे म्हणून नव्हते. वाळवंटातल्या छावणीत सैनिकांसाठी ठेवल्या गेलेल्या बायका कोर्टात उभ्या राहिल्या आणि बोलल्या, त्यांच्या वकिलांनी लावून धरलं, तेव्हा ते निकालात आलं. ३० मे २०१६ ला हाब्रेला मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि छळ यांसाठी जन्मठेप झाली. एका बाईने हाब्रेने स्वतः बलात्कार केल्याचं सांगितलं होतं. अपिलात, २०१७ मध्ये, तेवढ्या एका आरोपातून तो सुटला. ती खोटं बोलली असं कोर्ट म्हणालं नाही. ही गोष्ट आरोपपत्रात नव्हती, फार उशिरा आली, असं म्हणालं. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. मला ते वाचून दोन दिवस काही सुचलं नाही.

खटल्यात हाब्रे एक शब्द बोलला नाही. पांढरा झगा, पांढरं पागोटं, काळा चष्मा. पहिल्या दिवसांत त्याला उचलून आणावं लागलं. समोर साक्षीला त्र्याण्णव जण आले.

या गोष्टीचा विजय म्हणून उल्लेख होतो तेव्हा मला थोडं खटकतं. कॅमेरा बहुतेक वेळा परदेशी वकिलाकडे वळतो. एकटा हाब्रे पिंजऱ्यात आला, पण त्याला शस्त्रं आणि पैसा पुरवणारे देश नाही आले. १९८४ मध्ये दक्षिण चाडमध्ये कत्तली झाल्या तेव्हा सेनापती देबी होता, तो खटला चालू असताना राष्ट्राध्यक्ष होता. चाडच्या स्वतःच्या कोर्टाने मार्च २०१५ मध्ये डीडीएसच्या वीस जणांना दोषी ठरवलं, त्याची बातमी बाहेर फारशी कुणी केली नाही.

आता कागद फरशीवर पडून राहत नाहीत. मोबाइलमध्ये असतात. २०१७ च्या ऑगस्टमध्ये दोन गोष्टी झाल्या. १५ तारखेला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियाच्या महमूद अल-वरफल्लीविरुद्ध वॉरंट काढलं, ३३ जणांना मारल्याबद्दल, आणि त्यात मुख्य आधार होता सोशल मीडियावर फिरलेल्या व्हिडिओंचा. त्याच महिन्यात यूट्यूबच्या नव्या मशीन लर्निंग प्रणालीने हिंसक मजकूर म्हणून सीरियातले असंख्य व्हिडिओ आणि चॅनेल काढून टाकले, ज्यांत लोकांनी जीव धोक्यात घालून चित्रित केलेले हल्ले होते. सीरियन आर्काइव्हसारख्या गटांनी पाठपुरावा करून त्यांतले बरेच परत मिळवले. त्यांनी आधीच स्वतःकडे प्रती उतरवून ठेवल्या नसत्या तर काय गेलं आणि काय राहिलं हेसुद्धा कळलं नसतं.

मॉडेलच्या बाजूने बोलायचं तर त्याच्यासाठी ती फ्रेम म्हणजे रक्त आणि बंदूक, बस. क्रौर्याचा प्रचार आणि क्रौर्याचा पुरावा यांत पिक्सेल सारखेच असतात. शिवाय तसा व्हिडिओ उघड्यावर राहू देणं हे मेलेल्याच्या घरच्यांसाठी बरं असतं असंही नाही. वरचेवर पुसणं आणि आत जपून ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम कुठल्याही कंपनीच्या तिमाही उद्दिष्टांत बसत नाही.

व्हिडिओचा पंचनामा कसा करायचा, याची नियमावली २०२० मध्ये आली, बर्कली प्रोटोकॉल. ती मी बाबांना समजावून सांगितली. फाइल मिळाली की तिचा हॅश काढायचा, म्हणजे फाइलमधल्या प्रत्येक बिटवरून निघणारी अक्षरांची एक ओळ. एक बिट जरी बदलला तरी ओळ बदलते. कुठून, कधी, कुणी उतरवली ते लिहायचं. बाबा म्हणाले, "लाखेचं सील." हो. "सील कुणाकडे असतं?" मी म्हटलं, कुणीही पुन्हा काढून पडताळू शकतं. यावर ते बराच वेळ गप्प होते. अकरा वर्षं सीलची पितळी मूठ त्यांच्या कपाटात होती.

मग म्हणाले, "आपल्याकडे असं काही झालं तर कलम कुठलं लावायचं?"

भारत रोम कायद्यात सामील नाही. १९९८ मध्ये मतदानात आपण तटस्थ राहिलो. नरसंहारविरोधी कराराला आपण १९५९ मध्ये मान्यता दिली, पण त्यासाठी देशात वेगळा कायदा केला नाही. १९८४ च्या दिल्लीतल्या शीखविरोधी हत्याकांडात सज्जन कुमारला दोषी ठरवताना दिल्ली उच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१८ च्या निकालात हे स्पष्ट लिहिलं आहे की मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि नरसंहार हे आपल्या फौजदारी कायद्यात नाहीत आणि ही पळवाट बुजवायला हवी. त्याच निकालात अशाच सामूहिक हत्यांची यादी आहे, त्यात १९९३ ची मुंबईही आहे. तो खटलाही चौतीस वर्षं टिकला तो मोजक्या साक्षीदारांच्या चिकाटीवर. "म्हणजे खुनाचं कलमच," बाबा म्हणाले. हजार खून म्हणजे हजार वेळा तेच कलम.

हाब्रे २४ ऑगस्ट २०२१ ला डाकारमध्ये कैदेत असताना कोविडने वारला. अपिलाच्या निकालात ७,३९६ पीडितांना मिळून ८२ अब्ज सीएफए फ्रँकची भरपाई ठरली होती. तो मेला तोवर त्यातलं काहीच कुणाच्या हातात पडलं नव्हतं. आफ्रिकन युनियनने निधी उभारायचा होता, तो कागदावर उभा राहिला. २०२४ मध्ये चाड सरकारने काही रक्कम वाटायला सुरुवात केली. कोर्टाने ठरवलेल्या रकमेपुढे ती अगदी थोडी आहे. बाकीच्यासाठी पीडितांच्या संघटनांचा पाठपुरावा त्यानंतरही चालूच राहिला.